फडातला डिफ-लॉक, ट्रॅकवरचा डिफ-लॉक

डिफरन्शियल म्हणजे मोटारीच्या आसाच्या मध्यावर बसवलेला गिअरांचा संच. इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणे आणि वाटताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणे, ही दोन कामे तो एकाच वेळी करतो. डिफरन्शियल लॉक, म्हणजे बोलीतला डिफ-लॉक, यातले दुसरे काम थांबवतो. तो दोन्ही चाके एकमेकांना जखडतो आणि त्यांना एकाच गतीने फिरायला लावतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगरच्या परिसरात हा शब्द ट्रॅक्टरवाल्यांच्या रोजच्या बोलण्यातला आहे. उसाच्या फडात रुतलेली ट्रॉली बाहेर काढताना जो लॉक टाचेने दाबला जातो, त्याच्याच जातीची यंत्रणा ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे धावणाऱ्या मोटारीच्या पोटातही असते. काम एकच, पण फडात लॉक लावून वळायचे नसते आणि ट्रॅकवर त्याचा खरा उपयोग वळणातच होतो. ट्रॅक्टरवर शिकलेले हात वेगवान मोटारीवर चुकतात ते या फरकामुळेच.

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. किती जास्त, हे वळण मोठे आहे की छोटे यावर अवलंबून नसते, याचे अनेकांना नवल वाटते. दोन चाकांमधले अंतर दीड मीटर असेल, तर पूर्ण वर्तुळ फिरताना बाहेरचे चाक सुमारे ९.४ मीटर जास्त धावते, मग ते वर्तुळ अंगणाएवढे असो वा तळ्याएवढे. जोतिबाकडे चढणाऱ्या रस्त्यावरच्या अर्धवर्तुळाकार वळणात हा फरक ४.७ मीटरचा होतो. मोटारीच्या चाकाचा घेर साधारण दोन मीटर धरला, तर एका वळणात बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सव्वादोन-अडीच फेऱ्या जास्त घेते. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट जोडलेली असती, तर या फेऱ्या कुठेतरी फरफटत भरून काढाव्या लागल्या असत्या. टायर घासले असते, आसावर पीळ आला असता आणि गाडी वळायलाच नाखूश झाली असती.

ऊस वाहणाऱ्या बैलगाडीपुढे हा प्रश्न कधीच आला नाही. तिची दोन्ही चाके आसावर सुटी असतात आणि ओढ पुढून बैलांची असते, त्यामुळे चाकाला स्वतः ताकद लावावी लागत नाही. चाकालाच इंजिनाने फिरवायचे ठरले तेव्हा अडचण उभी राहिली. पॅरिसचा घड्याळजी ओनेसिफोर पेकर याने १८२७ मध्ये वाफेच्या गाडीसाठी आजच्या धाटणीचा डिफरन्शियल मांडला. इंग्लंडमध्ये जेम्स स्टार्लीने १८७७ मध्ये तीनचाकी सायकलीसाठी तीच युक्ती वापरली. मोटार जन्माला आली तेव्हा हा प्रश्न सुटलेलाच होता.

गॅरेजमध्ये डिफरन्शियल उघडला की आधी दिसते ते मोठे क्राऊन व्हील. इंजिनाकडून आलेला टेल पिनियन त्याला फिरवतो. क्राऊन व्हीलला एक केज बोल्टने जोडलेली असते आणि केजच्या आडव्या पिनवर छोटे स्टार पिनियन बसवलेले असतात. त्यांच्या दोन बाजूंना दोन सन गिअर असतात आणि प्रत्येक सन गिअरला एकेका चाकाचा अ‍ॅक्सल जोडलेला असतो. गाडी सरळ जाते तेव्हा स्टार पिनियन स्वतःभोवती फिरत नाहीत. सारा संच एकसंध गोळ्यासारखा फिरतो. वळणावर ते स्वतःभोवती फिरू लागतात, एका चाकाच्या जितक्या फेऱ्या कमी होतात तितक्याच दुसऱ्याच्या वाढतात आणि दोघांची सरासरी क्राऊन व्हीलच्या गतीएवढी राहते.

स्टार पिनियनचे काम समजायला बैलांच्या मानेवरचे जू आठवावे. ओढ जुवाच्या मध्यावर असते आणि दोन टोकांना दोन बैल. जू मध्यावर तोललेले असल्यामुळे दोन्ही बैलांच्या वाट्याला सारखीच ओढ येते. एका बैलाने अंग टाकले की जू तिरके होते आणि दुसरा कितीही ताकदीचा असला तरी त्याचा जोर गाडीपर्यंत पोहोचत नाही. साध्या, म्हणजे ओपन डिफरन्शियलचा दोष हाच आहे. तो दोन्ही चाकांना नेहमी सारखाच पीळ, म्हणजे टॉर्क, देतो. चिखलातले चाक शंभर न्यूटन-मीटर टॉर्कवरच घसरू लागले, तर कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही शंभरच मिळतो, मग त्या चाकाची हजार पेलण्याची तयारी का असेना. एक चाक गरगर फिरते, दुसरे ढिम्म उभे राहते आणि अ‍ॅक्सिलरेटर जितका दाबावा तितका खड्डा खोल होत जातो.

टाचेखालचा लॉक

वारणाकाठच्या काळ्या जमिनीत हे दृश्य दर हंगामात दिसते. गळीत हंगाम ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरात सुरू होतो, तेव्हा परतीच्या पावसाची ओल जमिनीत टिकून असते आणि शेजारच्या फडाचे पाणीही कधीकधी वाटेवर उतरलेले असते. तोडलेला ऊस ट्रॉलीत भरून ट्रॅक्टर सऱ्यांमधून बांधाकडे येतो. फडातून रस्त्यावर चढण्याची जागा बहुधा उताराची आणि तुडवून चिखल झालेली असते. एक मागचे चाक घट्ट जमिनीवर आणि दुसरे गाळात, अशी स्थिती तिथे हमखास येते. तात्यासाहेब कोरे यांनी १९५० च्या दशकात इथे सहकारी साखर कारखाना उभा केला, माळरानाचे वारणानगर झाले आणि पंचक्रोशीचे अर्थकारण उसाशी बांधले गेले. फडातून ट्रॉली वेळेत निघाली नाही, तर तोडलेला ऊस वाळतो आणि वजनात घटतो. त्यामुळे रुतलेले चाक ही इथल्या शेतकऱ्याच्या थेट खिशाला लागणारी गोष्ट आहे.

भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक ट्रॅक्टरांत आसनाच्या खाली, सहसा उजव्या टाचेजवळ, डिफ-लॉकचे छोटे पेडल असते. ते दाबले की दातेरी कपलिंग सरकून एका बाजूचा सन गिअर केजला जखडतो. मग स्टार पिनियनना फिरायला वाव उरत नाही आणि दोन्ही चाके एका दांड्यावर बसवल्यासारखी फिरतात. आता गाळातले चाक शंभरच पेलत असले, तरी उरलेला सारा टॉर्क घट्ट जमिनीवरचे चाक वापरू शकते.

लॉक लावायची रीत ठरलेली आहे आणि ती मोडली तर लोखंडही मोडते. चाक जोरात फिरत असताना पेडल दाबले, तर दाते एकमेकांवर आपटतात, म्हणून आधी क्लच दाबून चाक थांबू द्यायचे, मग लॉक लावायचा आणि हळू उचल घ्यायची. लॉक लागलेला असताना स्टिअरिंग सरळ ठेवायचे. वळवले तरी मागची दोन चाके सरळच ढकलत राहतात आणि पुढची छोटी चाके चिखलात आडवी घसरतात. चढण पार झाली की टाच उचलायची, स्प्रिंगच्या जोराने लॉक सुटतो. दात्यांवर ताण राहून तो अडकला, तर स्टिअरिंग किंचित इकडेतिकडे करून ताण हलका करावा लागतो. सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे. मागे भरलेली ट्रॉली, दोन्ही चाके लॉक आणि दोन्ही चाके रुतलेली, अशा वेळी चाक फिरत नाही म्हणून इंजिन ट्रॅक्टरचे धडच आसाभोवती फिरवू पाहते. पुढची चाके उचलू लागली की त्याच क्षणी क्लच दाबणे हाच उपाय, कारण मागे उलटू लागलेला ट्रॅक्टर दुसरी संधी देत नाही.

ट्रॅक्टरवर आणखी एक सोय असते आणि मोटारींच्या गोष्टीत तिचे महत्त्व मोठे आहे. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगवेगळे असतात. रस्त्यावर दोन्ही पेडले खिटीने जोडून ठेवतात, फडात ती सोडतात. सरीच्या टोकाला एका बाजूचा ब्रेक दाबला की ट्रॅक्टर जागच्या जागी वळतो. चाक गाळात फिरू लागले की जाणता चालक फक्त त्याच चाकाचा ब्रेक हलका दाबतो. ब्रेकमुळे त्या चाकावर खोटा भार येतो, डिफरन्शियलला ते चाक पकड घेतल्यासारखे भासते आणि तेवढाच टॉर्क दुसऱ्या चाकालाही मिळतो. आजच्या कित्येक मोटारींत संगणक एबीएसच्या नळ्यांमधून नेमके हेच करतो आणि माहितीपत्रकात त्याला एखादे भारदस्त नाव असते. फडातला चालक ते काम पायाच्या अंदाजाने करत आला आहे. या कौशल्याची नोंद अभियांत्रिकीच्या पुस्तकांत व्हायला हवी होती. १९८३ पासून वारणानगरात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. आसाचे गिअर वर्गात शिकणाऱ्या मुलांना त्यांचे प्रात्यक्षिक महाविद्यालयाच्या कुंपणापलीकडच्या फडात रोज पाहायला मिळते.

पूर्ण लॉक आणि अर्धा लॉक

मोटारींतले लॉक दोन कुळांत मोडतात. पहिले कूळ ट्रॅक्टरसारखे, एकतर पूर्ण सुटे नाहीतर पूर्ण जखडलेले. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखा या गाडीत पुढच्या आणि मागच्या दोन्ही आसांना चालकाने स्वतः लावायचे लॉक आहेत. नाशिकला तयार होणाऱ्या महिंद्रा थारच्या २०२० च्या पिढीत, काही प्रकारांना मागच्या आसावर आपोआप लागणारा यांत्रिक लॉक मिळाला. दोन चाकांच्या गतीत मिनिटाला सुमारे शंभर फेऱ्यांचा फरक पडला की आतली गोफणीसारखी फिरणारी वजने बाहेर फेकली जातात आणि लॉक लागतो. वेग वाढला की तो लागतच नाही. या गाड्या चढ, वाळू, दगड आणि चिखल यांसाठी घडवलेल्या आहेत. वेगाने वळणे घेणे हे त्यांचे काम नाही.

दुसरे कूळ लिमिटेड स्लिप डिफरन्शियलचे, म्हणजे चाकांच्या गतीतल्या फरकाला मर्यादा घालणाऱ्या डिफरन्शियलचे. वेगवान मोटारीचा लॉक म्हणतात तो बहुधा हाच. त्याची मुळे शर्यतीत आहेत. फर्डिनांड पोर्शेने ऑटो युनियनसाठी रचलेल्या ग्रां प्री गाडीत एवढी ताकद होती की ताशी १६० किलोमीटरला सुद्धा एक मागचे चाक जागेवर फिरू लागे. १९३५ मध्ये त्याने झेडएफ या जर्मन कंपनीकडून त्यावर तोडगा करून घेतला. तेव्हापासून हे कूळ वाढत गेले आहे.

शर्यतीत सर्वांत रुळलेला प्रकार चकत्यांचा. केजमध्ये क्लचच्या चकत्यांचे दोन गठ्ठे असतात. स्टार पिनियनची आडवी पिन दोन उतरत्या खाचांमध्ये बसवलेली असते. इंजिनाने जोर लावला की पिन खाचेवर चढू पाहते, खाचा फाकतात आणि चकत्या दाबल्या जातात. जितका जोर जास्त, तितका लॉक घट्ट. खाचेचा कोन ४५ अंशांचा असेल तर लॉक कडक, ८० अंशांचा असेल तर जेमतेम. जोर देतानाचा कोन आणि जोर सोडतानाचा कोन वेगळा ठेवता येतो. फक्त जोर देताना लॉक होणाऱ्याला वन-वे म्हणतात, दोन्ही वेळा सारखाच लॉक होणाऱ्याला टू-वे, आणि जोर सोडताना थोडाच लॉक होणाऱ्याला वन-पॉइंट-फाइव्ह-वे. शिवाय स्प्रिंगने चकत्यांवर कायमचा थोडा दाब ठेवलेला असतो, तो प्रीलोड. या चार-पाच आकड्यांवर गाडीचा सारा स्वभाव ठरतो आणि शर्यतीचे मेकॅनिक ट्रॅक बदलला की ते आकडेही बदलतात.

दुसरा प्रकार तिरप्या दात्यांच्या गिअरांचा. अमेरिकन संशोधक व्हर्नन ग्लीसमन याचा टॉर्सेन हा त्यातला गाजलेला. त्यात चकत्या नसतात. गिअर स्वतःच केजच्या भिंतीवर दाबले जाऊन घासतात आणि जास्त पकड असलेल्या चाकाकडे जास्त टॉर्क जातो. चाल मऊ, झीज कमी, आवाज नाही. पण तो गुणाकाराने चालतो. त्याचे गुणोत्तर अडीच असेल, तर शंभर पेलणाऱ्या घसरत्या चाकाच्या जोडीला दुसऱ्याला अडीचशे मिळतात. घसरते चाक हवेत उचलले गेले, तर शून्याची अडीचपट शून्यच. अशा वेळी जाणता चालक अ‍ॅक्सिलरेटर न सोडता डाव्या पायाने ब्रेकला हलका स्पर्श करतो. शून्याच्या जागी थोडाफार आकडा येतो आणि त्याची अडीचपट गाडीला बाहेर काढते. फडातला एका चाकाचा ब्रेक आणि ट्रॅकवरचा डावा पाय यांची युक्ती एकच आहे.

तिसरा प्रकार इलेक्ट्रॉनिक. चकत्या तशाच, पण त्यांना दाबण्याचे काम खाचांऐवजी मोटर किंवा तेलाचा दाब करतो आणि किती दाबायचे ते संगणक स्टिअरिंगचा कोन, चाकांची गती आणि गाडीचे वळणे मोजून ठरवतो. २०२० मध्ये भारतात दोनशेच्या मर्यादित संख्येने आलेली स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस २४५ आणि २०२५ मध्ये आलेली फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय या दोन्ही पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत असा लॉक आहे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या बीएमडब्ल्यू एम २ मध्ये तो मागच्या आसावर असतो.

कोल्हापूरचे कार्ट

लॉक केलेल्या आसावर गाडी कशी वळवायची, हे शिकण्याची उत्तम जागा कोल्हापुरातच आहे. मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय रोटॅक्स कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. ब्रिटिश फॉर्म्युला ३ मध्ये उतरलेला कृष्णराज महाडिक आणि फोक्सवॅगनच्या भारतातील शर्यतींत धावलेला ध्रुव मोहिते हे दोघेही कोल्हापूरचे. पंचगंगेकाठच्या शहरात ही परंपरा रुजली, याचे नवल वाटायला नको. इथल्या फाउंड्र्या आणि यंत्रशाळा शेतीच्या ऑइल इंजिनांपासून वाढत मोटारी आणि ट्रॅक्टरांच्या ओतकामापर्यंत पोहोचल्या आहेत. लोखंडाची आणि इंजिनाची भाषा शिरोलीपासून गोकुळ शिरगावपर्यंत घरोघरी समजते.

कार्टला डिफरन्शियल नसतोच. मागचा आस म्हणजे एक पोलादी नळी आणि दोन्ही चाके तिला घट्ट. ट्रॅक्टरचा लॉक कायमचा लावून ठेवल्यासारखी ही गाडी वळते कशी? उत्तर पुढच्या चाकांच्या मांडणीत आहे. स्टिअरिंग फिरवले की आतले पुढचे चाक खाली दाबले जाते, सांगाडा पिळला जातो आणि आतले मागचे चाक जमिनीपासून किंचित उचलले जाते. उचललेले चाक फरफटत नाही, गाडी तीन चाकांवर वळते आणि वळण संपताना चाक पुन्हा टेकते. त्यामुळे कार्टमध्ये स्टिअरिंग वळणाच्या सुरुवातीलाच ठाम फिरवावे लागते. भीत भीत वळवले तर चाक उचलत नाही आणि कार्ट सरळ निघून जाते. चाक फार वेळ उचलून ठेवले तर बाहेर पडताना इंजिनाची निम्मी पकड वाया जाते. लॉक असलेल्या आसाशी कसे वागायचे, याची समज दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या अंगात अशी भिनते. पुढे मोठ्या गाडीत बसल्यावर त्याला ती नव्याने शिकावी लागत नाही.

वळण: आत, मध्ये, बाहेर

लॉक असलेली वेगवान मोटार वळणाच्या तीन टप्प्यांत तीन वेगळ्या स्वभावांची असते.

पहिला टप्पा ब्रेक लावून आत शिरण्याचा. टू-वे किंवा वन-पॉइंट-फाइव्ह-वे लॉक अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावरही चकत्या दाबून धरतो. मागची दोन चाके एकमेकांना बांधलेली असल्याने गाडीचा मागचा भाग जोरदार ब्रेकखाली डगमगत नाही, आणि हा गुण ताशी दीडशेहून जास्त वेगावरून थांबताना मोलाचा ठरतो. तोच गुण वळायला सुरुवात करताना आड येतो. बांधलेली चाके सरळ जाऊ पाहतात आणि नाक वळणाच्या बाहेर राहते, म्हणजे अंडरस्टिअर होतो. नवखा चालक इथे स्टिअरिंग आणखी फिरवतो आणि पुढचे टायर आणखी घसरतात. बरोबर रीत अशी की वेग थोडा जास्त कमी करायचा आणि ब्रेक एकदम न सोडता वळणात शिरताना हळूहळू सोडायचा. त्यामुळे वजन पुढच्या चाकांवर राहते आणि नाक आत येते.

मधला टप्पा छोटा आणि शांत असतो. अ‍ॅक्सिलरेटर नुसता टेकवलेला, ना ओढ ना रोख. लॉक इथे जवळजवळ निष्क्रिय असतो, फक्त प्रीलोड जाणवतो.

तिसऱ्या टप्प्यात, बाहेर पडताना, लॉक आपली किंमत वसूल करून देतो. वळणात गाडीचे वजन बाहेर झुकते आणि आतले चाक हलके होते. ओपन डिफरन्शियलच्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर लवकर दिला की हे हलके चाक फिरू लागते, धूर निघतो आणि गाडी पुढे सरकत नाही. लॉक असलेल्या गाडीत टॉर्क वजनदार बाहेरच्या चाकाकडे जातो, त्यामुळे वळण संपण्याआधीच ताकद देता येते.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत याचा परिणाम अनुभवाच्या उलट वाटतो. साध्या गाडीत वळणात अ‍ॅक्सिलरेटर दिला की नाक बाहेर जाते, म्हणून पाय सोडणे हे अंगवळणी पडलेले असते. लॉक असलेल्या गाडीत बाहेरचे पुढचे चाक जास्त ओढते आणि नाक आत खेचले जाते. पाय धीराने, टप्प्याटप्प्याने वाढवत राहिला तर गाडी स्वतः वळण पुरे करते. हातातले स्टिअरिंग मात्र ओढ खाते, खडबडीत रस्त्यावर तर ते झटके देते. ते दोन्ही हातांनी धरायचे, पण आवळायचे नाही.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत जबाबदारी जास्त असते. ओपन डिफरन्शियलमध्ये फक्त आतले चाक फिरते आणि बाहेरचे चाक गाडीला आडवे जाण्यापासून रोखून धरते. एका अर्थाने ती सुरक्षा-झडपच असते. लॉकमध्ये ही झडप नाही. पकड संपली की दोन्ही चाके एकत्रच सुटतात आणि गाडीची शेपूट बाहेर फिरते, म्हणजे ओव्हरस्टिअर होतो. अशा वेळी स्टिअरिंग घसरण्याच्या दिशेने लगेच फिरवायचे आणि अ‍ॅक्सिलरेटर थोडा कमी करायचा, एकदम सोडायचा नाही. एकदम सोडला की वजन पुढे पळते, मागचे टायर आणखी हलके होतात आणि गाडी पूर्ण गरगरते. ड्रिफ्टिंग करणारे चालक याच स्वभावाचा मुद्दाम उपयोग करतात. काही जण त्यासाठी डिफरन्शियलचे गिअर वेल्डिंगने कायमचे जोडून टाकतात. ट्रॅकपुरते ते चालते, रस्त्यावर अशी गाडी आणणे हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे.

ओल्या रस्त्यावर हे सारे कमी वेगाला आणि कमी इशाऱ्याने घडते. त्यात आणखी एक स्थिती इथल्या रस्त्यांवर हंगामभर असते. फडातून आलेल्या ट्रॅक्टरच्या टायरांना चिकटलेला चिखल रस्त्यावर ढेकळांनी पडतो. वाठारहून वारणानगरकडे येणाऱ्या रस्त्यासारख्या उसाच्या वाहतुकीच्या रस्त्यांवर कडेला पाचट आणि पडलेली कांडी असतात, पहाटेच्या दवाने त्यावर निसरडा थर बसतो. वेगवान मोटारीची डावी चाके या थरावर आणि उजवी कोरड्या डांबरावर असताना जोर दिला, तर लॉक बराचसा टॉर्क उजव्या चाकाला देतो आणि गाडी डावीकडे, म्हणजे चिखलाकडेच, वळू लागते. दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरच्या बाजूने पुढे निघताना ही ओढ अंगावर येते. अशा जागी चारही चाके एकाच प्रकारच्या जमिनीवर येईपर्यंत पाय हलका ठेवणे, एवढेच शहाणपणाचे. घाटरस्ता लॉकची मजा पाहण्याची जागा मुळीच नाही. जोतिबाच्या वाटेवर भाविक पायी चालतात आणि पन्हाळ्याच्या वळणांवर समोरून एसटी येते. दोन्ही मागची चाके एकत्र सुटल्यावर गाडीला जी रुंद मोकळी जागा लागते, ती बंदिस्त ट्रॅकवरच मिळते. मोटारींसाठी असे ट्रॅक चेन्नई आणि कोइमतूरला आहेत.

आवाज, तेल आणि जॅक

चकत्यांचा लॉक असलेली गाडी पार्किंगमध्ये हळू वळवताना मागून कट-कट आवाज आला, तर घाबरण्याचे कारण नसते. चकत्या दाबाखाली अडतात आणि सुटतात, त्याचा तो आवाज. कमी करायला तेलात घर्षण बदलणारे खास द्रव्य मिसळावे लागते. ते नसलेले साधे गिअर ऑइल भरले तर आवाज वाढतो आणि चकत्या लवकर जळतात. ट्रॅकवर चालवल्यास तेल नेहमीपेक्षा बरेच लवकर बदलावे लागते, कारण चकत्यांचा चुरा त्याच तेलात राहतो.

एकाच आसावर दोन वेगळ्या झिजीचे टायर ठेवणे साध्या गाडीत खपून जाते. लॉकच्या गाडीत ते महाग पडते. लहान घेराचे चाक सरळ रस्त्यावरही सतत जास्त फिरते, चकत्या अखंड घासत राहतात आणि डिफरन्शियल तापतो. पंक्चरनंतर छोटा स्टेपनी टायर इंजिनाने फिरणाऱ्या आसावर लावून लांब जाणेही याच कारणाने टाळावे. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असेल तर मागचे चांगले चाक पुढे आणून स्टेपनी मागे लावणे हा जुना, बिनचूक उपाय.

जॅकच्या बाबतीत चूक जीवघेणी ठरू शकते. ओपन डिफरन्शियलच्या गाडीत एक चाक उचलून गिअरमध्ये फिरवले, तर टेकलेले चाक सहसा हलत नाही. लॉक असलेल्या गाडीत टेकलेले चाक गाडीला जॅकवरून पुढे ढकलते. त्यामुळे एकच चाक उचललेले असताना इंजिन चालू करून गिअर टाकायचा नाही, हा नियम यंत्रशाळेत पाळलाच पाहिजे.

जुनी गाडी घेताना तिच्यात यांत्रिक लॉक आहे का, हे पाहायला गॅरेजवाले एक सोपी तपासणी करतात. इंजिनाने फिरणाऱ्या आसाची दोन्ही चाके स्टँडवर उचलायची, इंजिन बंद ठेवायचे, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवायचा आणि एक चाक हाताने फिरवायचे. दुसरे चाक उलट दिशेला फिरले तर डिफरन्शियल ओपन आहे, किंवा लॉकच्या चकत्या पार झिजल्या आहेत. ते त्याच दिशेला फिरले तर प्रीलोड शाबूत आहे. टॉर्सेनसारख्या प्रीलोड नसलेल्या प्रकारात आणि इलेक्ट्रॉनिक लॉकमध्ये ही तपासणी फसते. तिथे डिफरन्शियलच्या घरावरचा क्रमांक पाहावा लागतो, किंवा संगणक जोडून लॉक लावून बघावा लागतो.